जात पुकारली आणि मेंदू अडखळला

राखीव जागांचा विषय निघाला की गुणवत्तेचे ठेकेदार हटकून एकच प्रश्न फेकतात : पेपर सर्वांना सारखाच असतो ना, मग तुमची मुले मागे का? या प्रश्नाला आम्ही सामाजिक अन्यायाच्या भाषेत वर्षानुवर्षे उत्तर देत आलो. आज ते मेंदूच्या भाषेत देऊ.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन संशोधिकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत एक प्रयोग केला. त्याचा अहवाल खुद्द जागतिक बँकेने २००४ साली प्रसिद्ध केला. सहावी-सातवीतील मुलगे. एका वेळी सहा जण बसवायचे, तीन सवर्ण आणि तीन चमार समाजातील. कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायची, जितकी सुटतील त्या हिशेबाने पैसे. काही गटांत जातीचा उच्चारच केला नाही. तेथे दोन्हीकडची मुले बरोबरीत राहिली. दुसऱ्या गटांत सुरुवातीलाच प्रत्येकाचे नाव, गाव, बापाचे नाव, आज्याचे नाव आणि जात सर्वांसमक्ष वाचून दाखवली. मुलाने फक्त मान हलवायची. तेवढ्याने चमार मुलांची सुटलेली कोडी ठळकपणे घटली.

कोडी तीच, शाळाही त्याच. मग मिनिटभरात कोणाची 'गुणवत्ता' आटली काय?

बेरीज करताना हातचे आपण डोक्यात धरतो. मेंदूतील ही जागा फार थोडी असते. 'चुकलो तर हे हसतील' हा विचार त्याच जागेत येऊन बसला की हातचे निसटतात. शिवाय, आपल्या कष्टाचे माप येथे सरळ काट्याने होणार नाही, हे पोराला घरादारातून कळलेलेच असते. मग हात आपोआप सैल पडतो. अमेरिकेत क्लॉड स्टील व जोशुआ ॲरन्सन यांनी १९९५ साली काळ्या विद्यार्थ्यांबाबत असेच काही दाखवले होते. पुढील काळात तशा प्रकारच्या मोठ्या चाचण्यांत हा परिणाम बराच कमी आढळला, हेही सांगितले पाहिजे. विज्ञानाचे नाव घ्यायचे तर सोयीचे तेवढेच उचलून चालत नाही. पण आमच्या वर्गांत जात काही एकदाच पुकारली जात नाही. ती रोज पुकारली जाते.

आमच्यापैकी कितीजणांनी 'स्कॉलरशिपवाले उभे राहा' ही हाक ऐकली आहे! चाळीस माना वळतात, उभा राहिलेला पोरगा जमिनीकडे पाहतो, आणि पुढच्याच तासाला गणिताची चाचणी असते.

यावर आपल्यातलेच काही शहाणे सांगतात, जात लपवा, आडनाव बदला. आम्हाला हे मान्य नाही. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. त्यांनी ते लपवले नाही, स्वतः लिहून ठेवले. आपण कोण हे ताठ मानेने सांगणे निराळे आणि दुसऱ्याने हजेरीतून पुकारणे निराळे. मेंदूलाही हा फरक कळत असावा, असे आम्हाला वाटते.

तेव्हा जूनमध्ये शाळा उघडल्या की पालकांनी मुख्याध्यापकांना भेटावे. शिष्यवृत्तीचे अर्ज वर्गात नको, कार्यालयात पालकाच्या हाती द्या, असे लेखी मागावे आणि पोच घ्यावी. सरकारी तिजोरीतून यासाठी एक पैसा लागत नाही.