समुद्र डाव्या हाताला

आमच्या घरात कोणतीही सहल निघायची म्हणजे आधी कागद निघतो. प्रवास दोन दिवसांचा असो की दहा दिवसांचा, कागदावर तो महिनाभर चालतो. गेल्या गणपतीत आरास उतरवून मोकळ्या झालेल्या टेबलावर मी रायगड जिल्ह्याचा नकाशा पसरला, तेव्हा सौ.ने विचारले, "आता कुठे?"

"सायकलने समुद्राकाठी." मी म्हणालो.

"या वयात?"

हा प्रश्न आमच्याकडे गेली दहा वर्षे प्रत्येक बेताला विचारला जातो, त्यामुळे त्याला उत्तर देण्याची पद्धत नाही. शिवाय चिरंजीवांनी वर्षापूर्वी आम्हा दोघांना गिअरच्या सायकली घेऊन दिल्या होत्या आणि रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवर आम्ही त्या चालवतही होतो. तेव्हा 'या वयात' हा आक्षेप तिचा तिलाच लागू पडत होता. ती हसली आणि चष्मा लावून नकाशावर वाकली.

माझे बोट श्रीवर्धन तालुक्यावर होते. नकाशा काढून पाहा, वाचकहो. उत्तरेला राजपुरीची खाडी, दक्षिणेला सावित्रीची म्हणजे बाणकोटची खाडी, पश्चिमेला उघडा समुद्र. तीन बाजूंना पाणी आणि एका बाजूला म्हसळ्याकडचे डोंगर. म्हसळ्याहून निघावे, बोर्ली पंचतन, दिवेआगर, भरडखोल, शेखाडी, आरावी करत किनाऱ्याने श्रीवर्धनला उतरावे, पुढे हरिहरेश्वर गाठावे आणि पुन्हा म्हसळ्याला यावे. सारे मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आत. तरुण मंडळी हे एका दिवसात उरकतात. आम्हाला काही उरकायचे नव्हते.

मी बेत मोठ्या अभ्यासाने केला होता. दिवाळीनंतर कोकण किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून मंद वारा असतो, आणि दुपार झाली की समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. सायकलवाल्याला चढापेक्षा समोरचा वारा जास्त छळतो. चढाला निदान माथा तरी असतो, वाऱ्याला तोही नाही. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचे, म्हणजे दुपारचा वारा पाठीशी राहतो. पहिला मुक्काम दिवेआगर, दुसरा हरिहरेश्वर, तिसऱ्या दिवशी परत. मी लाल पेन्सिलीने रेघ ओढली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने तो बराच वेळ पाहिला. मग विचारले, "श्रीवर्धनला मुक्काम नाही?"

"वाटेत लागते ना. चहाला थांबू."

"चहाला." ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

आता इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. श्रीवर्धन हे सौ.चे माहेर. पोफळी-नारळीची वाडी, विहीर, पाटाने झाडांच्या बुंध्यांशी खेळत जाणारे पाणी आणि पडवीत वाळत पडलेली सुपारी. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे नाव पानदान बाळगणाऱ्यांना सांगायला नको. भट घराण्यातले पहिले पेशवे, १७१३ साली पेशवेपदावर आलेले बाळाजी विश्वनाथ, याच गावचे. पण आमच्या सासऱ्यांना पेशव्यांपेक्षा पोफळींचा अभिमान जास्त. कोणते झाड कोणाच्या जन्माच्या वर्षी लावले, हे ते बोटाने दाखवत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या भागातल्या वाड्याच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ उंच आणि सडपातळ. दाट वाडीत एक पडली की शेजारणीला घेऊन पडते. आम्ही गेलो तेव्हा विहिरीपासून रस्ता दिसत होता. तिच्या माहेरी लहानपणापासून विहिरीवरून रस्ता कधी दिसला नव्हता. सासरे पायरीवर बसून होते. ते वर्षभरात गेले. त्यानंतर भावाकडे फोन होत, राख्या जात, भाऊबीज तो मुंबईला येऊन करून जाई. पण ती मात्र गेली नाही. कधी पाहुणे, कधी पाऊस, कधी गुडघा. मीही कधी आग्रह केला नाही.

म्हणून माझ्या बेतात श्रीवर्धन 'चहाला' होते. मला वाटत होते, मी मोठा समंजसपणा केला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर माझ्या कागदाशेजारी दुसरा कागद होता. त्यावर निळ्या शाईची रेघ होती आणि ती माझ्या रेघेच्या बरोबर उलट्या दिशेने जात होती.

"अगं, वारा!" मी म्हणालो.

"वारा दुपारी ना? मग दुपारी जेवून झोपू. सकाळी सहाला निघायचे नि अकराच्या आत पोचायचे. एवढ्या-तेवढ्या अंतराला दुपार कशाला हवी?"

मी गप्प झालो. महिनाभराच्या माझ्या अभ्यासात ही शंका मला आली नव्हती.

"आणि दुसरे," ती म्हणाली, "आपण रस्त्याच्या डावीकडून चालवतो. तुमच्या बेताने दक्षिणेकडे गेलो तर समुद्र उजव्या हाताला. म्हणजे मधे अख्खा रस्ता, येणाऱ्या मोटारी, आणि पलीकडे समुद्र. उत्तरेकडे गेलो तर समुद्र डाव्या हाताला, अगदी कठड्याशी. सकाळचे ऊनही डोंगराआड. समुद्र बघायला जायचे तर बघता येईल असे जाऊ."

वाचकांपैकी कोणी असा बेत करणार असतील त्यांनी हा मुद्दा टिपून ठेवावा. कोणत्याही द्वीपकल्पाला आपल्याकडे घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळसा घातला की समुद्र आपल्या बाजूला राहतो. देवाच्या प्रदक्षिणेचीही दिशा तीच, हे तिने वर ऐकवलेच.

तिचा बेत असा. मुंबईहून कोकण रेल्वेने माणगाव. सायकली आधी नोंद करून सामानाच्या डब्यात. माणगावहून म्हसळ्यापर्यंत घोणसे घाट आहे, वाहने वेगात असतात, तिथे शौर्य न दाखवता सायकली टेम्पोत टाकायच्या. म्हसळ्याहून श्रीवर्धन वीस-पंचवीस किलोमीटर, तो पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी सामान श्रीवर्धनलाच ठेवून मोकळ्या सायकलींनी हरिहरेश्वरला जाऊन यायचे. तिसऱ्या दिवशी आरावी, शेखाडी, भरडखोल या किनाऱ्याच्या रस्त्याने दिवेआगर. चौथ्या दिवशी बोर्लीवरून म्हसळा.

"म्हणजे श्रीवर्धनला दोन रात्री," मी जपून म्हणालो.

"दोन." ती म्हणाली.

हरिहरेश्वरचा दिवस ठरवायला तिने कॅलेंडर काढले. तिथली प्रदक्षिणेची वाट पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या खडकांवरून जाते. ती ओहोटीलाच करायची. भरतीत तिथे लाटांनी माणसे ओढून नेली आहेत. किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब सोपा. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमीची पाऊणपट पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती म्हणजे सुमारे सहा तासांनी, दहाच्या आसपास ओहोटी. सहाला निघून चढ-उतार करत नऊपर्यंत पोचलो की दर्शन, प्रदक्षिणा सारे बेताचे. "बाबा असेच सांगायचे," ती म्हणाली. हिशेब ढोबळ आहे, तेव्हा खडकावर पाय ठेवण्यापूर्वी तिथल्या माणसाला विचारावे, हेही बाबाच सांगत.

बाकीचा बेत मग चटकन झाला. ब्रेकचे रबर नवे घालायचे, कारण या रस्त्याला चढापेक्षा उतार धोक्याचे. पंक्चरचे सामान, हवेचा पंप, मागचा लाल दिवा, माणशी दोन बाटल्या पाणी. सामान पाठीवर न घेता चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत. वाळूवर सायकल चालवण्याचा मोह दिवेआगरला होणारच. तो पुरवावा, पण संध्याकाळी गोड्या पाण्याने साखळी धुऊन तेल द्यावे, नाहीतर खारे पाणी चार दिवसांत गंज आणते. दिवेआगरला घरगुती खानावळीत मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवावे. १९९७ साली बागेत सापडलेला तिथला सोन्याचा गणपती २०१२ मध्ये चोरीला गेला आणि २०२१ मध्ये पुन्हा मंदिरात आला, त्याचेही दर्शन घ्यावे.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात राहिली होती. मेहुण्यांनी मला चार महिन्यांपूर्वी फोनवर सांगितले होते की, वादळानंतर लावलेल्या पोफळींना पहिल्यांदा फळ धरले आहे. पोफळ लावल्यापासून फळ द्यायला पाच-सात वर्षे घेते. "ताईला एवढ्यात सांगू नका, आली की बघेल," असे ते म्हणाले होते. मी गुपित पोटात ठेवले होते. त्या रात्री न राहवून म्हणालो, "वाडीत जायचे ना? की नुसते घरी?"

तिने आपला फोन माझ्यापुढे धरला. त्यात एका बारक्या पोफळीचे छायाचित्र होते, शेंड्याखाली हिरवा घोस. वहिनीने चार महिन्यांपूर्वीच पाठवले होते.

"मग इतके दिवस बोलली नाहीस ते?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "घरापासून समुद्राकडे जाते ना, त्या गल्लीत मी सायकल शिकले. दादाची सायकल, मोठी. सीटपर्यंत पाय पोचत नव्हते, मधल्या दांड्याखालून पाय घालून चालवायची. दोन्ही बाजूंना वाडी, ऊन म्हणून नाही. आता ऊन असेल."

"असेल थोडे." मी म्हणालो.

"असू दे. टोपी घेऊ."

त्या निळ्या रेघेच्या कागदाची घडी आता माझ्या पाकिटात आहे. कार्तिक वद्य चतुर्थीला आम्ही श्रीवर्धनात असू आणि पंचमीला हरिहरेश्वरी. वाचकांपैकी कोणी त्या सुमारास त्या बाजूला असतील, तर टोपी घातलेल्या एक बाई पुढे आणि धापा टाकणारे एक गृहस्थ मागे, अशी दोन माणसे त्यांना दिसतील. मोटार जरा हळू घ्यावी आणि हात करावा. दिवाळीच्या शुभेच्छा आम्ही तिथेच देऊ.