साडेआठचा आकडा

"मास्तर, किती?"

मृग लागला की आमच्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीत सकाळी साडेआठला हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. मास्तर गच्चीच्या कठड्याशी येतात. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात शंभर पानी वही. वरूनच निकाल लागतो, "बेचाळीस!" खाली दुधाची किटली घेऊन उभा असलेला माणूस "लै लागलाय की" म्हणत पुढं जातो आणि तो आकडा चौकातल्या चहाच्या गाड्यावर पोचवतो. नऊ वाजेपर्यंत तो अख्ख्या पेठेचा झालेला असतो.

मास्तरांचं पर्जन्यमापक म्हणजे पाण्याची एक बाटली. वरचा निमुळता भाग कापून तो उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्याच तोंडात बसवलाय. बुडाशी खडे आणि त्यावर खूण केलेल्या रेघेपर्यंत पाणी. ती रेघ म्हणजे शून्य. रेघेच्या वर जेवढे मिलिमीटर पाणी साचेल, तेवढा पाऊस. एवढं साधं गणित, पण मी पहिल्यांदा करायला गेलो तेव्हा तोंडावर आपटलो.

त्या दिवशी रात्रभर कोसळत होता. सकाळी अंगणातल्या प्लास्टिकच्या बादलीत मी फूटपट्टी घातली आणि गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऐटीत टाकलं : १४० मिलिमीटर. दहा मिनिटांत मास्तर दारात. "बादली दाखव." बादली बघून ते हसायला लागले. तिचं तोंड रुंद आणि बूड अरुंद. रुंद तोंडानं झेललेलं पाणी अरुंद बुडात साचलं, की पातळी खऱ्यापेक्षा चढी दिसणारच. वर बादली ठेवली होती पन्हळीच्या पत्र्याखाली, म्हणजे शेजाऱ्याच्या छपराचा पाऊसही माझ्याच खात्यावर जमा. "भांडं उभ्या बाजूंचं पायजे," मास्तर म्हणाले, "आणि भिंत, झाड, पत्रा यांच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब पायजे." मग स्वतःच कबूल केलं की गच्चीवरचा त्यांचा आकडाही थोडा कमीच भरतो. उंचावर वारा जास्त, आणि वाऱ्यानं थेंब भांड्याच्या तोंडावरून पुढं निघून जातात. म्हणूनच सरकारी पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून जेमतेम फूटभर उंचीवर असतं.

तहसील कार्यालयाच्या आवारात दिसणाऱ्या त्या साध्या पर्जन्यमापकाला सायमन्सचं नाव आहे. जॉर्ज जेम्स सायमन्स हा लंडनचा माणूस. १८६० पासून त्यानं इंग्लंडमधले पाद्री, डॉक्टर, जमीनदार, शाळामास्तर अशा हौशी लोकांना पाऊस मोजायला लावलं. सुरुवातीला दीडशेच्या वर ठिकाणं होती, शतक संपेपर्यंत ती तीन हजारांच्या पुढं गेली. सगळ्यांना एकच अट : मोजायची वेळ एक, पद्धत एक. आपल्याकडची वेळ सकाळी साडेआठ. कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहायचा. मास्तर साडेआठ म्हणजे साडेआठलाच का गच्चीवर जातात, ते मला तेव्हा कळलं. नाहीतर माझे आठचे, तुमचे दहाचे, आणि दोघांची तुलना शून्य.

पण कोल्हापुरात नुसता आपल्या गच्चीवरचा पाऊस मोजून भागत नाही. आपल्याला बुडवणारा पाऊस आपल्याकडे पडतच नाही. पश्चिमेला पंचावन्न किलोमीटरवर गगनबावडा. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग आदळतात आणि वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस देऊन जातात. शहरात येईपर्यंत तो हजाराच्या आसपास उरतो आणि पूर्वेला शिरोळात पाचशेच्या घरात येतो. एकाच जिल्ह्यात, शंभरेक किलोमीटरांत, दहापट फरक. तरी २०१९ ला आणि २०२१ ला शिरोळ तालुक्यातली गावं कित्येक दिवस पाण्यात होती. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीला एकत्र येतात, पंचगंगा होऊन शहराला वळसा घालतात आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतात. तिथं कृष्णाच दुथडी भरून असेल, तर पंचगंगेचं पाणी घ्यायचं कुणी? ते मागं सरकतं. आमच्याकडं त्याला 'फुग' म्हणतात. शिरोळात ऊन पडलेलं असतं, ऊस डोलत असतो आणि पाणी बांधावरून हळूच आत येतं.

म्हणून आमच्या घरात पावसाळ्यात फोनची एक साखळी असते. गगनबावड्याच्या बाजूला मावसभाऊ, आमचा दादा, मध्ये आम्ही, कुरुंदवाडात धाकटी बहीण. तिकडचा पाऊस कुंभीत, कुंभीचा पंचगंगेत, पंचगंगेचा बहिणीच्या परसात. दादा सकाळी एवढंच सांगतो, "काल रात्री डोळं उघडू दिलं न्हाई." हे त्याचं माप. मी त्याला उभ्या बाजूंचा एक डबा नेऊन दिला तेव्हा तो म्हणाला, "हिकडं तुझा डबा रातीत भरून वतू जातोय." तेही खरंच. हवामान खात्याच्या हिशेबात एका दिवसात २०४ मिलिमीटरच्या वर गेला, की तो 'अत्यंत मुसळधार' पाऊस. माझा डबा एकशे ऐंशी मिलिमीटर उंच होता. पुढच्या खेपेला मोठा नेला.

जुलै चढला की गल्लीची भाषा मिलिमीटरवरून फूट-इंचावर येते. "मास्तर, किती?" या प्रश्नाचा अर्थ बदलतो. आता विचारायचं ते राजाराम बंधाऱ्याचं. कसबा बावड्याजवळच्या या बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हे दोन आकडे कोल्हापूरच्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं चालतं, "किती झालं?" "अडतीस सात." "चढतंय का थांबलंय?" खरा प्रश्न हा दुसरा असतो. नदीकाठी राहणाऱ्या आमच्या आजीची पद्धत याहून सोपी होती. पाण्याच्या कडेला एक वीट ठेवायची, तासाभरानं बघायचं. वीट बुडाली तर सामान माळ्यावर, कोरडी राहिली तर पोरांना जेवायला वाढायचं. शहरातल्या जुन्या माणसांच्या खुणाही अशाच : पाणी जामदार क्लबला आलं, गायकवाड वाड्याला टेकलं, सुतारवाड्यातली माणसं हलवली. यात फूट नाही, इंच नाही, पण कुणी उठून निघायचं ते मात्र कळतं.

यानंतर पुढचा प्रश्न येतो, "दारं किती उघडल्यात?" दारं म्हणजे राधानगरीची. शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं, की पाण्याचाच दाब ते उघडतो आणि पातळी उतरली की ते मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. तेव्हा एक दार उघडलं, की दर सेकंदाला दहा हजार लिटरचे चार टँकर भोगावतीत रिकामे होताहेत, असं समजायचं. ते पाणी काही तासांनी आमच्याकडं येतं. पेठेत चपलांचा आवाज वाढतो तो त्या वेळी. "चार उघडल्यात." "मग आज रातच्याला हलवाय लागतंय."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही हललो नाही. आमच्या जिन्याजवळच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती. वडिलांनी खिळ्यानं ओढलेली. आम्ही त्या रेघेच्या हातभर वर टीव्ही ठेवला, धान्याची पोती ठेवली, पलंगाच्या पायांखाली विटा लावल्या आणि निर्धास्त झालो. "२००५ ला इथंवर आलं होतं, याच्या वर काय येत न्हाई," असं सगळी गल्लीच म्हणत होती. बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. रेघ पहिल्याच रात्री दिसेनाशी झाली. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद, शहराचं बेट झालेलं, आणि आम्ही दुसऱ्याच्या गच्चीवर बिस्किटं खात बसलेलो. पाणी ओसरल्यावर भिंतीवर दुसरी रेघ ओढली. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या पुढं गेलं. आता रेघा ओढायचं मी सोडून दिलंय. २००५ च्या त्या रेघेनं आम्हाला एकच वर्ष सांगितलं होतं, आम्ही ते कायमचं समजलो. २०१९ ला आमच्याजवळ खरा उपयोगी आकडा होता तो दादाच्या फोनचा. सलग पाच दिवस तो म्हणत होता, "अजून डोळं उघडू देईना." आम्ही ऐकलं, पण मोजलं नाही.

मोजण्याचं मोल शेतकऱ्याला विचारा. एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तर महसुली भाषेत ती अतिवृष्टी. तो मोजतात महसूल मंडळाच्या केंद्रावर, आणि एका मंडळात कितीतरी गावं येतात. गुंठ्याला ६५ मिलिमीटर म्हणजे साडेसहा हजार लिटरच्या वर पाणी. एवढं एका गावाच्या शिवारात पडून भुईमूग झोपलेला असतो, आणि चार कोसांवरच्या केंद्रावर त्या दिवशी वीस मिलिमीटर. मग "आमच्यात ढगफुटी झाली" याला पुरावा काय? गावातल्या पाच घरांनी वर्षानुवर्षं नीट मोजून लिहिलेल्या पाच वह्या असल्या, तर निदान बोलायला काहीतरी हाताशी राहतं. सरकार त्या मानेल का, हा पुढचा प्रश्न. पण तोंडी तक्रारीपेक्षा लिहिलेला आकडा टेबलावर जास्त वेळ टिकतो.

वळवाच्या पावसाचं तर सगळंच निराळं. मे महिन्यात दुपारी पूर्वेकडून काळंभोर उठतं, वारा सुटतो, पत्रे वाजतात, राजारामपुरीत गारा पडतात आणि रंकाळ्यावर भेळवाला कोरड्या ठिकाणी गिऱ्हाईक करत असतो. बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं राहतं, असं म्हणतात ते या पावसाला शोभतं. हा प्रकार आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाचं शहर आहे. २८ जुलै १९९७ ला तिथं एका टोकाला दहा इंचांच्या वर पाऊस पडला आणि दुसऱ्या टोकाला दोन इंचही नाही. पुरात पाच माणसं गेली. कुठं किती पडतोय हे वेळेवर कुणाला कळलंच नव्हतं. पुढच्याच वर्षी तिथल्या लोकांनी घरोघरी पर्जन्यमापकं लावायची चळवळ सुरू केली, आणि ती देशभर पसरली. त्यांच्याकडं रडार होतंच. पण रडार ढगात किती पाणी आहे याचा अंदाज बांधतं, जमिनीवर किती आलं ते शेजाऱ्याचा डबाच सांगतो.

वळवात मास्तर बाटलीकडं जात नाहीत, आधी सगळ्यांना आत घालवतात. वीज चमकली, की मोठ्यानं आकडे म्हणायला लावतात. गडगडाट येईपर्यंतच्या सेकंदांना तीननं भागलं, की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं. गल्लीतली पोरं आता हा भागाकार शाळेतल्या भागाकारापेक्षा झटपट करतात. मोबाइलवर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप आहे, तेही बघावं. पण तीन सेकंदांत गडगडलं, तर मोबाइल काढायच्या आधी छपराखाली यावं.

आमच्या ग्रुपवर पावसाळ्यात तीन तऱ्हेचे निरोप येतात. एक, जुन्या पुराचे व्हिडिओ, 'आत्ताच आलेले'. दोन, 'धरण फुटलं'. तीन, मास्तरांचा आकडा. पहिले दोन शंभर ठिकाणी फिरून येतात. तिसरा एका बाटलीतून येतो. गेल्या पावसाळ्यापासून त्याखाली दादाचा आकडा येऊ लागलाय, आणि मी दोन्ही मिळून कुरुंदवाडला पाठवतो. बहिणीनं पहिल्या दिवशी विचारलं, "याचं मी काय करू?" आता सकाळी नऊपर्यंत निरोप गेला नाही, तर तिचाच फोन येतो. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात पाणी चढून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडू लागलं, की भाविक दक्षिणद्वाराच्या स्नानाला जातात. बहीण मात्र त्याच्या आधी दोन दिवस गोठ्यातली जनावरं उंचावर नेऊन बांधते.

तेव्हा यंदा मृगाच्या आधी एक उभ्या बाजूंचा डबा बघून ठेवा. उघड्यावर ठेवा, साडेआठला मोजा, वहीत लिहा आणि नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या आपल्या माणसाला कळवा. पाऊस पडला नाही त्या दिवशीही वही उघडा आणि शून्य लिहा. जागा मोकळी सोडली, तर त्या दिवशी पाऊस नव्हता की आपण मोजायला गेलो नव्हतो, हे पुढं कुणालाच सांगता येणार नाही.