दोष मेटफॉर्मिनचा नव्हे



‘मेटफॉर्मिनने मूत्रपिंडं निकामी होतात’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचं विधान म्हणजे उलटी गंगा आहे. मधुमेहाचं हे औषध मूत्रपिंड बिघडवत नाही. ते लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड मंदावलं की शरीरात साठतं आणि क्वचित रक्तातलं लॅक्टिक आम्ल धोकादायक वाढतं. म्हणूनच ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) ३०च्या खाली गेला की गोळी बंद. ३० ते ४५ असेल तर नव्याने सुरू करत नाहीत, चालू असल्यास डोस साधारण निम्मा करतात. नुसत्या क्रिएटिनिनवर मात्र विसंबू नये. पंचाहत्तरीच्या बाईंचं क्रिएटिनिन १.३ म्हणजे ‘जरासं वाढलंय’ वाटतं. ईजीएफआर भरतो जेमतेम ४३!

पत्रलेखकाने सुचवलेली ‘जुनी, स्वस्त’ ग्लिबेनक्लामाइड तर अशा रुग्णांना अधिक धोक्याची. तिचा अंमल रेंगाळतो, आणि एखादं जेवण चुकलं तरी साखर तासन्‌तास खाली राहू शकते. इन्सुलिनचाही डोस बऱ्याचदा कमी करावा लागतो. लिनाग्लिप्टिन या मधुमेहाच्या गोळीचा मात्र बदलावा लागत नाही, हे पत्रात यायला हवं होतं.

ते पत्र वाचून कुणी गोळी परस्पर बंद केली असेल, तर कृपया आजच आपल्या डॉक्टरांना सांगावं आणि ईजीएफआर तपासून घ्यावा.

– एक वाचक, सांगली