अब्बांचा चाकू आणि पुतण्याचा फोटो



गेल्या महिन्यात आमच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हते. निमित्त एका चाकूचे. बारावीत शिकणाऱ्या आमच्या पुतण्याने मोबाईलवरून एक चाकू मागवला. काळ्या पात्याचा, बटण दाबले की खटकन उघडणारा. नुसता मागवून तो थांबला नाही. चाकू हातात धरून, मान तिरकी करून फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. अम्मांना ही गोष्ट शेजारणीकडून कळली. त्यांनी पुढचे ताट बाजूला सारले. "पोराला पोलीस घेऊन गेल्यावर मला सांगणार होता काय?" एवढेच म्हणाल्या.

पोरगाही गप्प बसणारा नव्हता. आमच्याकडे बघून म्हणाला, "चाचांच्या खिशात रोज चाकू असतो. त्यांना कुणी काही बोलत नाही. मी ठेवला की लगेच गुन्हा?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्या खिशात चाकू असतो. तो आमच्या अब्बांचा. शिंगाची मूठ, दोन पाती. एक मोठे, एक करंगळीएवढे. मोठ्या पात्याच्या मुळाशी चांदणी आणि क्रॉसची खूण आहे. ही खूण इंग्लंडमधल्या शेफील्ड गावच्या जोसेफ रॉजर्स या जुन्या कारखान्याची. वर्षानुवर्षे धार लावून पाते झिजून निम्मे राहिले आहे. अब्बा प्राथमिक शाळेत मास्तर होते. मुलांचे बोरू याच लहान पात्याने तासून देत. बोरूचे टोक तिरपे कापायचे, मग मधोमध बारीक चीर द्यायची. चीर वाकडी गेली की अक्षर फुटते. वर्गातल्या सगळ्या मुलांचे बोरू तासून झाल्यावर चाकू मिटून कोटाच्या खिशात जाई.

नेसरीत या वस्तूंची आवड असणारे आम्ही पाच-सहा जण आहोत. एक निवृत्त पोस्टमन, एक काजूची बाग असलेले शेतकरी, एक पानवाले, एक शिंपी आणि आम्ही. आठवडी बाजाराच्या दिवशी चहा घ्यायला बसलो की रुमाल पसरतो आणि ज्याचे त्याचे चाकू बाहेर येतात. पानवाल्यांकडे अडकित्ते जास्त. त्यांच्या आजोबांचा पितळी अडकित्ता मोराच्या आकाराचा आहे. अडकित्ता या शब्दाचे नाते कन्नडमधल्या 'अडके' म्हणजे सुपारी या शब्दाशी लागते. आमच्यासारख्या सीमेवरच्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. ज्यांना अडकित्त्यांची नजाकत बघायची असेल त्यांनी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जरूर जावे. केळकरांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने हा संग्रह उभा केला. घरातल्या साध्या वापराच्या वस्तूही जपून ठेवण्याजोग्या असतात, हे तिथे गेल्यावर कळते.

आमच्या बैठकीत एक नियम पहिल्यापासून आहे. चाकू दुसऱ्याच्या हातात द्यायचा तो मिटून. न मिटणारा असेल तर मूठ पुढे करून. शेतकरी काका तर हातात देतच नाहीत, रुमालावर ठेवतात. समोरच्याने तिथून उचलायचा. हातात सुरी दिली की भांडण होते, असे त्यांची आई सांगायची. युरोपातही चाकू भेट मिळाला की घेणारा बदल्यात एखादे नाणे देतो, म्हणजे मैत्री कापली जात नाही, अशी समजूत आहे. समजुती वेगळ्या असल्या तरी काळजी एकच. धारेची वस्तू देताना जपून.

आपल्याकडे ही काळजी समजुतीवर सोडलेली नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपसलेली तलवार तशीच दुसऱ्याच्या हाती देण्यास मनाई केली आहे. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्याचे टोक हाताने धरून ठेवावे, म्हणजे कुणाला इजा होणार नाही, अशीही शिकवण आहे. आणि आपल्या भावावर हत्यार रोखायचे नाही, थट्टेतसुद्धा नाही. पुतण्याचा फोटो पाहिल्यावर आम्हाला आधी कायदा आठवला नाही, ही शेवटची हदीस आठवली. त्या फोटोत चाकूचे टोक बघणाऱ्याकडे होते.

म्हणून चाकू ही वाईट वस्तू ठरत नाही. प्रेषितांनी (स.) बकरीच्या खांद्याचे मांस सुरीने कापून खाल्ल्याचे आणि नमाजची हाक येताच सुरी खाली ठेवून उठल्याचे सहीह बुखारीत आले आहे. सूरह यूसुफमध्ये अजीजच्या पत्नीने जमलेल्या स्त्रियांच्या हाती सुऱ्या दिल्या आणि यूसुफ (अलै.) यांना पाहून त्यांनी आपलेच हात कापून घेतले, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. सुरी तीच, पण मन ठिकाणावर नसले की ती धरणाऱ्याच्याच हाताला लागते.

आता थोडे शब्दांविषयी. 'चाकू' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. त्याच भाषेत 'कलमतराश' असा एक सुंदर शब्द आहे. कलम तासणारा तो कलमतराश. खुशनवीस, म्हणजे सुलेखन करणारे, हा बारीक चाकू जिवापाड जपत. तुर्कस्तानातले जुने कलमतराश आज संग्रहालयांत मांडलेले दिसतात. कलम ज्यावर ठेवून टोक कापायचे ती हस्तिदंताची छोटी पट्टीसुद्धा नक्षीकाम केलेली असे. इंग्रजांचा 'पेननाईफ'ही मुळात पिसाची लेखणी तासण्यासाठीच होता. म्हणजे खिशातला चाकू जगात मानाने वावरला तो लेखणीचा चाकर म्हणून. आमच्या अब्बांचा चाकू या घराण्यातला.

दुसरा शब्द 'शिकलगार'. आपल्या कोल्हापूर-सांगली भागात हे आडनाव घरोघरी ओळखीचे आहे. अरबीत 'सैकल' म्हणजे घासून झळाळी आणणे. ते काम करणारा तो सैकलगर, आपला शिकलगार. हत्यारांना धार लावणे, पाणी चढवणे हा त्यांचा पिढीजात धंदा. आमच्या नेसरीचे नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते 1674 च्या फेब्रुवारीतल्या लढाईमुळे. सरसेनापती प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांनिशी बहलोल खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि इथल्या खिंडीत कामी आले. त्यांचे स्मारक बघायला दुरून लोक येतात. आम्ही तिथे गेलो की एक विचार मनात येतो. दोन्हीकडच्या तलवारींना कुणातरी कारागिरानेच धार लावली असणार. त्याचे नाव कुठल्याही बखरीत नाही. तलवारी गेल्या, त्याची सहाण मात्र राहिली. पुढे त्याच सहाणेवर विळे, कोयते, कात्र्या आणि न्हाव्याचे वस्तरे आले. आता तीही थांबत चालली आहे. पाते बोथट झाले की लोक नवे घेतात.

जगात ज्यांनी हा धंदा टिकवला, त्यांनी तो साधेपणाने टिकवला. फ्रान्सच्या डोंगराळ सावोय भागात जोसेफ ओपिनेल याने 1890 च्या सुमारास लाकडी मुठीचा शेतकऱ्यांचा चाकू बनवला. तो आजही जवळपास तसाच मिळतो. पाते बोटावर मिटू नये म्हणून 1955 साली त्याला फिरणारे कडे बसवले, एवढाच मोठा बदल. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर याने 1884 साली कारखाना काढला आणि 1891 पासून सैन्याला चाकू पुरवले. पुढे आईच्या व्हिक्टोरिया या नावावरून व्हिक्टोरिनॉक्स हे नाव पडले. सैनिकांचा चाकू खरा, पण त्यात लढाईचे काही नव्हते. डबा उघडायचा, स्क्रू फिरवायचा आणि भाकरी कापायची.

आपल्या देशात मात्र रामपूरचे उलटे झाले. उत्तर प्रदेशातल्या या नवाबी गावचे चाकू कारागिरीसाठी नावाजलेले होते. हिंदी सिनेमाने त्यांना गुंडांच्या हाती दिले. 'रामपुरी' म्हटले की लोकांना कारागीर आठवेनासा झाला. 1990 च्या दशकात तिथल्या सरकारने साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यांवर बंदी घातली आणि बहुतेक दुकाने बसली. 2023 साली त्याच रामपूरच्या चौकात सुमारे 20 फूट उंचीचा चाकू उभारला गेला. चौकात चाकू उभा आहे, पण तो बनवणारे हात आता थोडेच उरले.

जपानमध्येही असेच काहीसे घडले. तिथल्या शाळकरी मुलांच्या खिशात 'हिगोनोकामी' नावाचा साधा घडीचा चाकू असे, पेन्सिल तासायला. 1960 साली एका सतरा वर्षांच्या मुलाने भर सभेत एका राजकीय नेत्याचा हत्याराने खून केला. ते हत्यार हिगोनोकामी नव्हते. तरी मुलांच्या हाती धारेची वस्तू द्यायची नाही अशी चळवळ उभी राहिली आणि चाकू खिशातून गेला. एकाने केले, सगळ्यांनी भरले.

आता कायद्याचे. घराघरात याविषयी गैरसमज आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. म्हणून विळी, कोयता, खुरपे घरात असतात. पण यावरून लहान चाकू कुठेही, केव्हाही चालतो असे समजू नये. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली सण, मोर्चे, निवडणुका अशा वेळी बंदी आदेश निघतात. त्या काळात सार्वजनिक ठिकाणी चाकूच काय, काठी नेण्यावरही बंदी असते. वर्तमानपत्रात कोपऱ्यात येणारी ती बातमी वाचत जावी. विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही. सोपवायच्या बॅगेत ठेवावा. एकदा शहरातल्या एका सरकारी कचेरीच्या दारात तपासणीवेळी अब्बांचा चाकू आमच्या खिशात निघाला. परत मिळाला, पण तासभर उभे राहावे लागले. चूक आमची होती. तेव्हापासून तालुक्याला किंवा कोल्हापूरला निघताना चाकू घरच्या फडताळात ठेवून जातो.

हे सगळे पुतण्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि पुन्हा विचारले, "पण चाचा, तुम्ही पेरू कापता तेव्हा अम्मा घाबरत नाहीत. माझ्याच फोटोला का घाबरल्या?"

वाचकहो, या प्रश्नाला गोल उत्तर देता आले असते. आम्ही दिले नाही. आम्ही म्हणालो, "बाळा, आमचे केस पिकलेत. तू सतरा वर्षांचा आहेस. आणि तुझे नाव मुसलमानाचे आहे. तुझा फोटो कुणीतरी कापून, वर दोन ओळी लिहून दुसऱ्या गावात पाठवला, तर तिथे तू पोरगा राहणार नाहीस, बातमी होशील. हा न्याय नाही. पण अम्मांनी ताट सारले ते याच भीतीने."

तो काही बोलला नाही. फोटो त्याने आधीच काढून टाकला होता, हे नंतर कळले. आम्हाला मात्र रात्री झोप आली नाही. पोराला सावध केले की त्याच्या मनात कायमची भीती पेरली, हे आम्हाला आजही नक्की सांगता येत नाही. सावधपणा शिकवावाच लागतो. पण पोराने मान खाली घालून चालावे, असेही आम्हाला नको आहे.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून अब्बांचा चाकू हातात दिला. मिटून. निसण्याचा दगड पाण्यात भिजत घातला होता. पाते दगडावर जेमतेम उचलून धरायचे, दोन्ही बाजूंना सारखे हात द्यायचे, जोर लावायचा नाही, दगडाला काम करू द्यायचे. कडेला बारीक खरखर लागली की दुसरी बाजू धरायची. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलटे पाते ओढायचे. कागद आवाज न करता कापला गेला की झाले. जुने पोलाद गंजते, म्हणून कांदा, लिंबू, कैरी कापल्यावर लगेच पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवायचे. पहिल्या दिवशी त्याने धार लावण्याऐवजी घालवली. चौथ्या दिवशी कागद कापला गेला.

ईदुल अजहा जवळ आली होती. जनावराला यातना होऊ नयेत म्हणून सुरीला नीट धार लावावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे, तीही जनावराच्या नजरेसमोर नाही. प्रत्येक कामात भलेपणा असावा, हे सांगताना त्यांनी उदाहरण दिले ते याचे. पुतण्याने घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावली. मग गल्लीतल्या बाया विळ्या घेऊन यायला लागल्या. ज्या शेजारणीने अम्मांना फोटोची बातमी दिली होती, तिचीही विळी आली. त्याने ती सगळ्यात आधी करून दिली.

बटणाचा चाकू त्याने स्वतः आमच्या फडताळात आणून ठेवला. टाकून दिला नाही, आम्हीही आग्रह धरला नाही. अब्बांचा चाकू अजून आमच्याच खिशात आहे. तो त्याला केव्हा द्यायचा, हे ठरलेले नाही. त्याची बारावी होऊ द्या.

तुमच्याही घरात एखादा जुना चाकू, अडकित्ता, कात्री पेटीच्या तळाशी पडली असेल. बाहेर काढा, पुसा, तेल लावा आणि ती कुणाची होती, तिने कोणते काम केले, हे मुलांना सांगा. अल्लाह आपल्या मुलांचे हात कामात आणि मन शांत ठेवो. आमीन.