लक्ष्मी तालाचे उत्पन्न

झाशीला जाणारा मराठी प्रवासी किल्ला पाहतो, राणीमहाल पाहतो आणि परतीची गाडी पकडतो. शहराच्या पूर्वेकडील लक्ष्मी तालापर्यंत फारसे कोणी जात नाही. वास्तविक नेवाळकर घराण्याचा घरगुती इतिहास किल्ल्यापेक्षा या तळ्याकाठीच अधिक सापडतो. येथील महालक्ष्मीचे मंदिर अठराव्या शतकातले. ती या कऱ्हाडे सुभेदारांची कुलदेवता. जवळच गंगाधररावांची छत्री आहे. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांचे निधन झाल्यावर राणी लक्ष्मीबाईंनी ती उभारली. वरसईचे गोडसे भटजी १८५७च्या धामधुमीत झाशीत होते. त्यांच्या 'माझा प्रवास'मुळे, म्हणजे १९०७पासून, मराठी वाचकाला हे देवालय ऐकून तरी ठाऊक आहे.

मला येथे वास्तूंच्या सौंदर्याविषयी नव्हे, तर त्यांच्या खर्चाविषयी लिहावयाचे आहे. तळे, मंदिर, घाट आणि पूजाअर्चा ही जुन्या व्यवस्थेत एकच गोष्ट होती, कारण तिच्यामागे उत्पन्न होते. महालक्ष्मीच्या खर्चासाठी गावांचा महसूल लावून दिलेला होता. बांधणाऱ्याने बांधकामाबरोबरच देखभालीचीही सोय करून ठेवली होती.

१८५४ साली दत्तकविधान नामंजूर करून कंपनी सरकारने झाशी खालसा केली. राणीला मासिक पाच हजार रुपयांचे वेतन देऊ केले, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. त्यानंतर मंदिराकडे लावलेली गावेही सरकारजमा झाली, याची मात्र चर्चा कमी होते. इतिहासकार तिची गणना १८५७पूर्वीच्या असंतोषाच्या कारणांत करतात. माझ्या मते प्रशासनाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. वास्तू जागेवर राहिली, तिचे उत्पन्न तेवढे गेले. पुढे १८६१मध्ये झाशी शहर शिंद्यांकडे गेले आणि १८८६मध्ये ग्वाल्हेर किल्ल्याच्या बदल्यात पुन्हा इंग्रजांकडे आले. पंचवीस वर्षांत दोनदा धनी बदललेल्या गावात तळ्याचा गाळ कोणी काढावा, हा प्रश्न कोणाच्या दप्तरात बसणार?

इनामाची पद्धत निर्दोष होती असा माझा दावा नाही. देवस्थान इनाम वर्ग ३च्या जमिनींचे काय होते, हे महाराष्ट्रातील कोणत्याही तहसीलदाराला विचारावे! परंतु तिच्यातील मूळ हिशेब बरोबर होता, आणि नेमका तोच आपण सोडून दिला आहे.

२०१७मध्ये झाशीची निवड स्मार्ट सिटी अभियानात झाली. अलीकडच्या काळात तालाच्या सुशोभीकरणाची कामेही निघाली. अतिक्रमण आणि सांडपाणी यांचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. हे अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपले. अशा योजनांत पैसा भांडवली कामासाठी मिळतो: पदपथ, कठडे, दिवे. उद्घाटनाची कोनशिला बसविता येते ती याच कामांवर. नाल्याचे पाणी दररोज अडविणे, पावसाळ्यापूर्वी गाळ काढणे, छत्रीच्या चुन्यातून उगवलेले पिंपळाचे रोप वेळीच उपटणे, हा महसुली खर्च. त्यासाठी निधी मागणारा अधिकारी अर्थ विभागात पायऱ्या झिजवतो. शिवाय पाणी एका खात्याचे, जमीन दुसऱ्याचे, वास्तू तिसऱ्याचे आणि पूजा चौथ्याची. ज्या सांडपाण्याने तळे नासते, तेच काठावरच्या भिंतींत मुरते. पण त्या दोहोंची फाइल एक नसते.

योजना मंजूर करतानाच तिच्यातील काही रक्कम कायम ठेवीत टाकावी आणि व्याज फक्त देखभालीला वापरावे, ही सूचना नवी नाही. बागेचे प्रवेशशुल्क, वाहनतळाचे पैसे आणि ठेल्यांचे भाडे सर्वसाधारण तिजोरीत न जाता याच खात्यात जमा व्हावे. एका अधिकाऱ्याचे नाव जबाबदार म्हणून लिहिलेले असावे आणि वर्षाचा जमाखर्च तळ्याकाठी फलकावर लावावा. यातील पहिली पायरी म्हणजे नगर निगमाच्या अंदाजपत्रकात लक्ष्मी तालाचे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडणे. त्यासाठी दिल्लीच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.