भेटला तरी होता का कधी?

मंडळी, आज जरा रागावूनच लिहितेय. वाचणाऱ्यांत जे नातेवाईक आहेत त्यांनी आधी पाणी पिऊन घ्या, कारण राग तुमच्यावरच आहे.

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीचा एक मित्र गेला. ब्लड कॅन्सर, वय 22. तो पोलंडचा, ही नाशिकची. तीन वर्षं रोज रात्री दोघं एका ऑनलाइन गेममध्ये खेळायची, तासन्‌तास बोलायची. प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. बातमी कळल्यापासून पोरगी जेवेना, आणि घरात चर्चा काय? "भेटला तरी होता का कधी?" "गेममधला मित्र म्हणजे काय मित्र असतो?" आणि सगळ्यांत थोर वाक्य, "अगं, तो खरा होता कशावरून?"

(हे सगळं तिला विचारूनच लिहितेय.)

ही वाक्यं मला पाठ आहेत. 2011 साली मीही ती ऐकली होती, तेव्हा मात्र गप्प बसले.

2007 मध्ये मी 'सेकंड लाइफ'मध्ये जायला लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ते कॉम्प्युटरवरचं एक जग आहे. तिथे आपलं एक चालतं-बोलतं रूप असतं, जमीन घेता येते, घर बांधता येतं. तिथे मला ती भेटली. अमेरिकेत पोर्टलंडला राहायची, माझ्यापेक्षा 20 वर्षांनी मोठी. तिथे ती बागा करायची. आमच्या सकाळच्या साडेसहाला तिच्याकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असायची, म्हणून डबे भरायच्या आधीचा अर्धा तास माझा आणि तिचा. एकदा मी माहेरच्या सोनचाफ्याबद्दल बोलले, तर बाईंनी माझ्याकडून फोटो मागवून घेतले आणि पंधरा दिवस खपून आपल्या बागेत सोनचाफा उभा केला. वास सोडून सगळं होतं!

2009 मध्ये तिला ओव्हरीचा कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी केमो. त्यातल्या एका औषधाने तिच्या बोटांची टोकं बधिर झाली, पॅक्लिटॅक्सेलने तसं होतं. सेकंड लाइफमध्ये माणूस टाइप करायला लागला की त्याचं रूप हवेत बोटं नाचवतं. पूर्वी तिचे हात दोन क्षण हलायचे आणि लांबलचक वाक्य यायचं. मग हात मिनिटभर हलत राहायचे आणि शब्द यायचे दोन. केस सगळे गेले, पण तिथे मात्र तिने लांब वेणी ठेवली होती. म्हणायची, इथे तरी असू दे.

2011 च्या फेब्रुवारीत एका सकाळी तिचं नाव यादीत उजळलं. मी धावत गेले. तिकडून उत्तर आलं, "मी तिचा नवरा. तिने कुणाकुणाला सांगायचं त्याची नावं लिहून ठेवली आहेत. त्यात तुझं आहे."

ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तर प्रश्न आला, "मयताशी नातं?" काय लिहिणार! घरी म्हणाले, "कॉम्प्युटर बंद कर, म्हणजे बरं वाटेल." तुम्हीच म्हणालात. आठवतंय का?

आता माझा प्रश्न. ज्यांच्याशी आपल्या घरातलं कुणी आठ वर्षं बोललं नव्हतं, त्या काकांच्या दहाव्याला आपण गाडी करून गेलो होतो की नाही? गेलो ते योग्यच झालं. पण तिथे कुणी विचारलं का, शेवटचं कधी भेटला होतात? रक्ताच्या नात्यात दुःख गृहीत धरायचं आणि इथे मात्र पुरावा मागायचा, हा कुठला न्याय?

बरं, न भेटता मैत्री होत नाही म्हणावं, तर धारवाडचे जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांची पत्रं आपल्याच कपाटात आहेत. त्यांच्या भेटी मोजक्या, पत्रं भरभरून. ती मैत्री आपण थोर मानतो. पोस्टाच्या पेटीतून आली की थोर आणि कीबोर्डवरून आली की खोटी?

"फसवणूक असते" हा आक्षेप मात्र खरा आहे. 2001 मध्ये अमेरिकेत केसी निकोल नावाच्या, ल्युकेमिया झालेल्या मुलीसाठी कितीतरी लोक रडले, आणि ती मुलगी मुळात नव्हतीच. एका बाईंनी रचलेली होती. असं होतं. पण लग्नाच्या बाजारात समोरासमोर बसून, चहा-पोहे खाऊनही लोक फसतात. म्हणून कुणी लग्नं खोटी म्हणत नाही.

उलटंही घडतं. नॉर्वेचा माट्स स्टीन स्नायूंच्या आजाराने 2014 मध्ये गेला, 25 वर्षांचा होता. आईवडिलांना वाटायचं, पोरगा एकटाच पडला. मग त्याच्या गेममधल्या मित्रांची पत्रं यायला लागली, काहीजण तर दुसऱ्या देशांतून अंत्यविधीला आले. मुलाला किती माणसं होती हे त्या आईबापांना तो गेल्यावर कळलं.

सेकंड लाइफमध्ये 2005 सालापासून अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी 'रिले फॉर लाइफ' भरली. तिथे लोक आपापल्या रूपांनी वाटेवर चालायचे, गेलेल्यांच्या नावाने दिवे लावायचे, आणि जमलेले पैसे खऱ्या डॉलरांत सोसायटीकडे जायचे. ती गेली त्या वर्षी मीही एक दिवा लावला आणि पहाटे साडेचारला उठून चालले. त्या वाटेवर कुणीही मला नातं विचारलं नाही.

तुमच्याकडून मला फार काही नको. भाचीला "विसर आता" म्हणू नका. फोन करा आणि विचारा, तो कसा होता गं? काय बोलायचा? मग दहा मिनिटं गप्प बसून ऐका. मी काल विचारलं. तो मराठीत "चल, जेवून घे" म्हणायला शिकला होता. तिनेच शिकवलं होतं. हे सांगून झाल्यावर ती रडली आणि मग थोडा वरणभात खाल्ला.

असो. फोन नंबर तुमच्याकडे आहेच.