वही आणि केरसुणी

आज दिवेलागणीला घरोघरी चौरंग मांडला जाईल. लक्ष्मीपुढे लाह्या-बत्तासे, धणे-गूळ, आणि शेजारी हळदकुंकू लावलेली नवी केरसुणी. पेढ्यांवर वहीपूजन होईल, कोऱ्या पानावर 'श्री' उमटेल. पिढ्यान्‌पिढ्या आपण वहीला हात जोडत आलो. पण त्या वहीत आपले स्वतःचे असे थोडेच असते. असतात ती दुसऱ्यांची नावे, त्यांची देणी, त्यांच्या अडीनडीच्या तारखा. कुणाची उधारी किती थकली हे चारचौघांत उच्चारायचे नाही, हे जुन्या पेढीवाल्याला कुणी शिकवावे लागत नसे. वही त्याची, पण मजकूर ही गिऱ्हाइकाची ठेव.

त्या वह्या आता संगणकात गेल्या. सोसायटीच्या फाटकावर मोबाइल क्रमांक, क्लासच्या अर्जात मुलीची जन्मतारीख, दवाखान्यात आजारांचा इतिहास, साडीच्या दुकानात बिलाआधी पत्ता. आपण मागेल ते देत जातो, आणि दिलेले कुठे साठते हे पुढे कधी विचारत नाही.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. पुढे 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम आला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले, आणि मुख्य कर्तव्यांच्या तयारीसाठी 18 महिन्यांची मुदत मिळाली. माहिती बाळगणाऱ्याला या कायद्याने मालक म्हटलेले नाही. त्याच्यासाठी 'फिड्युशियरी', म्हणजे विश्वस्त, हा शब्द योजला आहे. पेढीवरची ती जुनी रीतच जणू कलमांत उतरली.

विश्वस्ताने माहिती कशासाठी हवी ते आधी सांगायचे, आणि माहिती देणाऱ्याला ती सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे. दिलेली संमती परत घेणे, ती देण्याइतकेच सोपे हवे. 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती हवी. माहिती फुटली तर ती दडवायची नाही. डेटा संरक्षण मंडळाला आणि जिची माहिती आहे त्या व्यक्तीलाही कळवायचे. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मात्र तो जमा होतो भारताच्या संचित निधीत, आणि ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्यातून भरपाई मिळत नाही. ही उणीव खटकते. सरकारला आपल्या यंत्रणांना कायद्यातून सूट देता येते, हेही खटकते. सर्वांत मोठी वही सरकारचीच असते.

पण आजच्या दिवशी मन रेंगाळते ते एका साध्या कर्तव्यावर. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले, किंवा संमती मागे घेतली गेली, की ती पुसून टाकायची. दुसऱ्या एखाद्या कायद्याने जपावी लागत असेल तेवढीच मागे ठेवायची. आपल्याला साठवण्याची सवय फार. कधी तरी लागेल म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या प्रवेशअर्जांच्या याद्या आपण जपतो, आणि पुढे त्याच चुकीच्या हाती पडतात. आपल्या पूर्वजांनी वहीइतकाच मान केरसुणीला दिला, तिलाच लक्ष्मी म्हटले; मध्यरात्री सूप वाजवून अलक्ष्मीला उंबऱ्याबाहेर घालवण्याची चाल अजूनही काही घरांत पाळली जाते. राखणे आणि झाडणे या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच पूजेत मांडल्या.

तेव्हा आज पूजा आटोपून पणत्या शांत तेवू लागल्या की, डॉक्टर असू, क्लासचालक असू, दुकानदार असू वा सोसायटीचे सचिव, आपण सर्वांनी घटकाभर संगणकातल्या जुन्या याद्या उघडाव्यात, काम संपलेली नावे पुसावीत, आणि मगच पाडव्याला नवी वही लिहायला घ्यावी.